स्पर्शतंतूंचा शाखाविस्तार

भाद्रपद महिना जवळ आला म्हणजे पेण शहरातील आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे वगैरे गावांतील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत कामाची एकच धांदल उडते. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे जुळवावयाचे, भेगा बुजवावयाच्या, सोंडेचा बाक आणि बोटांची पेरे नीट करावयाची, आणि मग रंगाला हात घालावयाचा. या कामात जाणता कारागीर डोळ्यांवर जितका विसंबतो, त्याहून अधिक आपल्या बोटांवर विसंबतो. ओल्या शाडूवरून बोट फिरले, की दिव्याच्या उजेडातही जो उंचवटा दिसला नसता तो त्याला तत्क्षणी कळतो. पेणहून दक्षिणेस रोह्याकडे वळावे, तर आषाढात कुंडलिकेच्या खोऱ्यातील खाचरांतून भाताची लावणी चाललेली आढळते. तेथे तर डोळ्यांचा उपयोगच नाही. रोपाची मुळे गढूळ पाण्याखाली चिखलात किती खोल गेली, हे लावणी करणारी स्त्री केवळ बोटांनी जाणते. आणि पायाखाली आला तो खडा की काटा, हे तिच्या तळव्यास न पाहता समजते.

हे ज्ञान होते कसे? बोटाच्या त्वचेत असे काय आहे, की जे पाठीच्या त्वचेत नाही? लाइपझिग येथील शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइन्रिख वेबर याने १८३४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाला मापाची कसोटी लावली. कंपासाची दोन टोके तो एकाच वेळी त्वचेवर टेकवी, आणि टोके दोन वाटतात की एक, एवढेच समोरच्यास विचारी. श्रोत्यांनी हा प्रयोग घरी अवश्य करून पाहावा. त्याला दोन बोथट काड्यांपलीकडे काही लागत नाही. बोटाच्या टोकावर दोन ते तीन मिलिमीटर अंतरावरच्या काड्या स्पष्टपणे दोन वाटतात. पाठीवर मात्र त्यांच्यात सुमारे ४० मिलिमीटर अंतर पडेपर्यंत त्या एकच वाटत राहतात. हा फरक मुख्यतः त्वचेखाली पसरलेल्या ज्ञानतंतूंचा होय. बोटाच्या टोकाशी तंतू दाट असून प्रत्येकाच्या फांद्यांकडे त्वचेचा लहानसा तुकडा सोपवलेला असतो; पाठीवर तंतू विरळ, आणि प्रत्येकाचा मुलूख मोठा.

ज्ञानतंतू म्हणजे एका पेशीचा लांबवर गेलेला हात. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, तर ती वार्ता नेणारी पेशी पाठीच्या कण्यालगत बसलेली असते, आणि तिचा तंतू सुमारे मीटरभर अंतर चालून अंगठ्यापर्यंत पोहोचलेला असतो. त्वचेत शिरताच तो फुटतो. एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा फांद्या होतात, आणि ज्यांची टोके साध्या डोळ्यांना दिसावयाची नाहीत असा एक वृक्ष तयार होतो. इटलीतील कामिलो गॉल्जी याने १८७३ साली चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगविण्याची युक्ती काढली. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल याने तीच युक्ती सुधारून या वृक्षांची शेकडो चित्रे रेखाटली. त्या दोघांस १९०६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. काहालच्या चित्रांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. चेतापेशींचे आकार अनंत असले तरी ते वाटेल तसे नसतात. आंब्याची पाने पाहून जसा आंबा ओळखावा, तशी फांद्या पाहून पेशीची जात ओळखता येते.

परंतु आंब्याला आंब्याची आणि माडाला माडाची ठेवण कोण देतो? काहालच्या पश्चात बराच काळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. उत्तर शोधावयाचे तर अशा प्राण्याची गरज होती, की ज्याची एकेक जनुके बिघडवून पाहता येतील, आणि ज्याच्या पिढ्या महिन्याभरात उलटतील. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट, म्हणजे शास्त्रज्ञांची ड्रोसोफिला माशी, या कामी उपयोगी पडली. टॉमस हंट मॉर्गन याने १९१० साली याच माशीत पांढऱ्या डोळ्यांचा नर पाहिला, तेव्हापासून ती आनुवंशिकशास्त्राची कामधेनूच झाली आहे.

या माशीच्या ज्ञानेंद्रियांचा अभ्यास पेणपासून दूर नसलेल्या मुंबईतही झाला, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ साली ओबैद सिद्दिकी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे विद्यार्थिनी म्हणून आल्या. चव वा वास यांना निराळा प्रतिसाद देणाऱ्या माश्या निवडावयाच्या, आणि त्यांचे कोणते जनुक बिघडले आहे हे शोधावयाचे, असा त्यांचा क्रम होता. रॉड्रिग्ज आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली लॉझेंज नावाच्या जनुकासंबंधी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. माशीच्या मिशांवर वास घेणारे केस निरनिराळ्या जातींचे असतात. कोणत्या जागी कोणत्या जातीचा केस उगवावयाचा, हे लॉझेंज जनुक आहे की नाही यावर अवलंबून नसून त्याचा प्रभाव किती आहे यावर अवलंबून असते. मात्रा अधिक असेल तर एक जात, कमी असेल तर दुसरी.

आयुर्वेदाच्या परंपरेत वाढलेल्या समाजास मात्रेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. एकच द्रव्य वैद्य कमी देतो तेव्हा एक गुण येतो, अधिक देतो तेव्हा दुसरा. ज्ञानतंतूंच्या फांद्यांच्या बाबतीतही निसर्ग हाच न्याय चालवतो, हे अमेरिकेत यू नंग जान आणि लिली जान या दांपत्याच्या प्रयोगशाळेत दिसून आले. माशीच्या अळीच्या त्वचेखाली पसरलेल्या स्पर्शपेशींचे चार वर्ग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ठरविले. पहिल्या वर्गाच्या पेशीला मोजक्या सरळ फांद्या, दुसऱ्या वर्गाच्या पेशीला थोड्या लांबलचक, तिसऱ्या वर्गाच्या पेशीच्या फांद्यांवर काट्यांसारखे असंख्य कोंब, आणि चौथ्या वर्गाच्या पेशीला त्वचेचा कोपरान् कोपरा व्यापणारे दाट जाळे. पुढील वर्षी असे आढळले, की कट नावाच्या जनुकाचे प्रथिन पहिल्या वर्गात मुळीच नसते, दुसऱ्यात अल्प असते, चौथ्यात मध्यम असते, आणि तिसऱ्यात सर्वांत अधिक असते. हे प्रथिन पेशीच्या केंद्रात बसून इतर जनुकांवर अधिकार चालवते. ते काढून घेतले, की दाट वृक्ष विरळ होतो. जेथे ते कमी आहे अशा पेशीत मुद्दाम वाढविले, की तिला निराळ्या, अधिक फांद्या फुटतात. माशीच्या प्रथिनाऐवजी सस्तन प्राण्यातील त्याचे भावंड घातले तरीही हाच परिणाम घडला. माशी आणि सस्तन प्राणी यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी ही किल्ली एकमेकांच्या कुलुपास अद्यापि लागते.

पण वाढीची आज्ञा देणारे जनुक जितके आवश्यक, तितकेच आवरणारे जनुकही आवश्यक असते. पहिल्या वर्गाच्या पेशी साध्या राहतात त्या केवळ कटच्या अभावी नव्हे. त्यांच्यात अब्रप्ट नावाचे दुसरे जनुक जागे असते, आणि ते फांद्यांना लगाम घालते. २००४ साली हे जनुक निकामी करून पाहण्यात आले, तेव्हा त्या साध्या पेशींना अवाजवी फांद्या फुटल्या. साधेपणा हासुद्धा पेशीला परिश्रमाने राखावा लागतो, असा याचा अर्थ.

मात्रा ठरली, किती फुटावयाचे हे ठरले. तरी एक अडचण उरतेच. शेकडो फांद्या एकाच वेळी पसरू लागल्या, तर त्या एकमेकींत गुंतणार नाहीत काय? एका जागी गर्दी आणि दुसरीकडे मोकळे रान, अशी स्थिती झाली तर त्या मोकळ्या रानात टोचलेला काटा कोणास कळावयाचा? ही अडचण डीस्कॅम नावाच्या जनुकाने सोडविली आहे. या एका जनुकाचे तुकडे निरनिराळ्या रीतींनी जोडून ३८,०१६ प्रकारची प्रथिने घडू शकतात. प्रत्येक पेशीच्या वाट्याला त्यांतील काही थोडे प्रकार येतात, आणि त्यांचा तो संच जणू तिची खूण होऊन बसतो. दोन फांद्या भेटल्या आणि दोघींची खूण जुळली, की त्या ओळखतात, ही तर आपलीच. आणि तत्काळ एकमेकींपासून दूर सरतात. खूण निराळी असेल तर शेजारून खुशाल पुढे जातात. २००७ साली तीन निरनिराळ्या संशोधकगटांनी हे सिद्ध केले. डीस्कॅम नसलेल्या अळीत एकाच पेशीच्या फांद्या एकमेकींवरून जातात व गुंतून पडतात. उलट, दोन भिन्न वर्गांच्या पेशींना मुद्दाम एकच खूण दिली, तर एरवी सुखाने एकाच जागी नांदणाऱ्या त्या पेशी एकमेकींना टाळू लागतात.

चौथ्या वर्गाच्या पेशींची मांडणी ज्याला डोळ्यांपुढे आणावयाची असेल, त्याने रोह्याच्या आसपासच्या एखाद्या टेकडीवरून खालच्या भातखाचरांकडे पाहावे. प्रत्येक खाचराला बांध. एकाचे दुसऱ्यात अतिक्रमण नाही, आणि दोहोंमध्ये पडीक जमीनही नाही. अळीच्या शरीराच्या प्रत्येक वळ्याच्या एकेका बाजूस या वर्गाच्या तीनच पेशी असतात, आणि त्या तिघी मिळून तेवढी सगळी त्वचा वाटून घेतात. मात्र शेताच्या बांधाहून या बांधाचे स्वरूप निराळे आहे. तो मातीत घातलेला नसतो. शेजारणीची उपस्थिती हाच बांध. एक पेशी नष्ट केली, तर शेजारच्या पेशीच्या फांद्या त्या रिकाम्या झालेल्या जागेत शिरतात. आणि फ्युरी व ट्रायकॉर्नर्ड ही दोन जनुके बिघडली, तर शेजारीण जागेवर असूनही हद्द पाळली जात नाही, असे २००४ साली दिसून आले.

या काटेकोर वाटणीचा अळीला उपयोग काय, असा प्रश्न कोणी करील. काही बारीक परजीवी गांधीलमाश्या अळीच्या अंगात सोंड खुपसून आपली अंडी घालतात. त्यांतून निघालेली पिल्ले पुढे अळीला आतून खाऊन टाकतात. सोंड टोचताक्षणी अळी अंगाला पीळ देऊन लोळते आणि संकटातून सुटते. २००७ साली असे दिसून आले, की ही वेदना चौथ्या वर्गाच्या पेशीच ओळखतात. त्या पेशी गप्प केल्या, तर अळी लोळत नाही. फांद्यांच्या जाळ्यात पडलेले भोक म्हणजे अळीच्या दृष्टीने मृत्यूला उघडे ठेवलेले दार होय.

आतापर्यंत सांगितलेले नियम पेशीच्या अंगचे झाले. परंतु फांदी जेथे पसरावयाची ती त्वचाही या कामात मूक राहत नाही. याचा दाखला सूत्रकृमीने दिला. सी. एलिगन्स नावाचा हा प्राणी कुजलेल्या पालापाचोळ्यात राहतो. लांबी सुमारे एक मिलिमीटर, आणि उभयलिंगी कृमीच्या अंगात चेतापेशी बरोबर ३०२. त्यांपैकी पीव्हीडी नावाच्या दोन पेशी कठोर स्पर्श आणि थंडी जाणतात, आणि त्यांच्या फांद्या विलक्षण नियमित असतात. आडव्या दांड्यातून उभी फांदी, तिच्यावर पुन्हा आडवी, आणि तिच्यावर पुन्हा उभ्या. हैफा येथील संशोधकांनी २०१० साली या रचनेला मेनोरा असे नाव दिले. मेनोरा म्हणजे यहुदी धर्मातील सात फांद्यांची समई. रायगड जिल्ह्यास ही वस्तू अपरिचित नाही. कोकणात शतकानुशतके वसलेल्या बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉग पेण येथे आहे, आणि त्या समाजातील पेणकर व रोहेकर ही आडनावे याच दोन गावांवरून पडली आहेत.

हैफाच्या संशोधकांनी असेही दाखविले, की ही समई घडते ती जितकी फांद्या फुटून, तितकीच फांद्या छाटून. ईएफएफ-१ हे जनुक निकामी झाले, तर अवांतर फांद्या तशाच राहतात आणि समईची ठेवण बिघडते. त्यानंतर २०१३ साली त्वचेचा वाटा उघडकीस आला. कृमीच्या त्वचेतील पेशी एसएएक्स-७ आणि मेनोरिन ही दोन प्रथिने ठराविक रेषांवर मांडून ठेवतात, आणि वाढत्या फांदीवरील डीएमए-१ नावाचे प्रथिन हाताने कठडा धरावा तसे त्यांना धरून पुढे सरकते. संशोधकांनी ती दोन प्रथिने भलत्याच जागी मांडली, तेव्हा फांद्याही भलत्याच वाटेने गेल्या. सारांश, वृक्षाचा संपूर्ण आराखडा पेशीच्या पोटात कोठेही लिहून ठेवलेला नसतो. किती वाढावे, कोठे थांबावे, कोणास टाळावे आणि कशास धरावे, अशा थोड्या नियमांच्या पालनातून तो उभा राहतो. आणि प्रत्येक नियमाची राखण मोजकी जनुके करतात.

माशीच्या व कृमीच्या या कथेतून माणसाने काय घ्यावे? माणसाच्या त्वचेतील तंतू आणि अळीच्या पेशीच्या फांद्या यांची रचना सर्वस्वी एक नाही, हे खरे. परंतु फांद्या नसतील तर काय होते, हे माणसातही पाहावयास मिळाले आहे. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या विदुषीने १९५०नंतरच्या दशकात असे द्रव्य शोधले, की ज्याच्यामुळे ज्ञानतंतू जगतात व वाढतात. त्याबद्दल तिला १९८६ साली स्टॅन्ली कोहेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. ते द्रव्य ओळखणारे प्रथिन एनटीआरके-१ या जनुकावरून बनते. १९९६ साली जपानी संशोधकांना असे आढळले, की काही मुले या जनुकातील बिघाड घेऊन जन्मास येतात. त्यांच्या त्वचेत वेदनेचे बारीक तंतू पोहोचतच नाहीत. अशा मुलाला कसलीही वेदना होत नाही, आणि घामही येत नाही. ऐकणाऱ्यास हे वरदान वाटावे. परंतु असे मूल जीभ चावून रक्तबंबाळ करते, भाजलेला हात मागे घेत नाही, आणि मोडलेल्या हाडावर चालत राहते. वेदना ही शरीराची राखणदार आहे, हे त्याच्या आईबापांना निराळे सांगावे लागत नाही.

हेच सत्य कुष्ठरोगाने आपल्या देशाला फार मोठी किंमत घेऊन शिकविले. कुष्ठरोग हा आनुवंशिक नव्हे. तो जंतूंमुळे होतो, आणि ते जंतू नॉर्वेतील हान्सेन याने १८७३ साली पाहिले. हे जंतू ज्ञानतंतूंभोवतीच्या आवरणपेशींत ठाण मांडतात, आणि कातडीवर बधिर चट्टा दिसू लागतो. वेल्लोर येथे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की रोग्याची बोटे झडतात ती बहुतांशी जंतूंनी खाल्ल्यामुळे नव्हे. बधिर हाताला चटका, घाव, घट्ट पकड यांची जाणीव न राहिल्याने तो हात रोजच्या कामात झिजत जातो. रायगड जिल्ह्यातच पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीने अशा रुग्णांस आसरा आणि काम दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने आज हा रोग पूर्ण बरा होतो, आणि ते उपचार सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. म्हणून कातडीवर बधिर चट्टा दिसताच, मग तो पेणच्या कारागिराच्या हातावर असो वा रोह्याच्या शेतकऱ्याच्या पायावर, विलंब न लावता दवाखाना गाठणे हाच शहाणपणा होय.

विलंब का नको, याचे कारण फांद्यांच्या कथेतच आहे. औषधाने जंतू मरतात. परंतु मेलेला तंतू औषधाने परत येत नाही. तंतू तुटला आणि त्याची वाट शाबूत राहिली, तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने पुन्हा वाढू शकतो. म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत जावयास त्याला सहा महिने लागावेत. वाट मोडलेली असेल, तर तो मध्येच थबकतो किंवा भलतीकडे भरकटतो. मधुमेहातही पायांच्या बोटांकडील तंतूंची टोके प्रथम सुकू लागतात. अशा वेळी तंतूला पुन्हा फांद्या फुटाव्यात, त्या योग्य जागी पोहोचाव्यात आणि आपल्या हद्दीत राहाव्यात, अशी इच्छा असेल, तर मुळात त्या कोणत्या नियमांनी वाढल्या होत्या हे ठाऊक असणे अवश्य आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नेमका हाच शोध चालला आहे. तेथील संशोधक कृमीच्या पीव्हीडी पेशीच्या फांद्या लेसर किरणाने छेदतात, आणि त्या पुन्हा फुटण्यास कोणती जनुके लागतात हे पाहतात. सीईडी-१० आणि टीआयएएम-१ अशी दोन जनुके त्या कामी लागतात, असे त्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा संस्थेतही याच कृमीच्या स्पर्शपेशींत आतील मालाची वाहतूक कशी होते, यावर काम झाले आहे.

कृमीच्या फांदीपासून माणसाच्या बोटापर्यंतचा मार्ग लांबचा आहे, आणि या ज्ञानातून मेलेले तंतू उगवणारे औषध अद्यापि निघालेले नाही. पण जे समजले आहे तेही थोडके नाही. स्पर्श हे वरून उतरलेले देणे नसून, थोड्या जनुकांनी मात्रा राखून, हद्द पाळून आणि त्वचेचा आधार धरून उभारलेले बांधकाम आहे, एवढे निश्चित झाले आहे. जे बांधकाम ज्या नियमांनी उभे राहते, त्याची डागडुजीही त्याच नियमांनी करावी लागते. ते नियम एकेक करून हाती येत आहेत. आणि ते पुरते हाती येईपर्यंत, ज्याच्या त्वचेत हे तंतू शाबूत आहेत त्याने ते जपावेत, आणि बधिरतेची पहिली खूण दिसताच ती लपवू नये, यातच त्याचे हित आहे.